४८२ नॉमिनेशन: माणसाची गरज खरी आहे हे कागदावर कसं दाखवायचं?

गोलबर्नकाठ

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबलचक आहे, पण अर्धवट माहितीवर कुणी उत्तर देऊ नये म्हणून सगळंच लिहिते.

ऑस्ट्रेलियात शेपर्टनला आमचा फॅब्रिकेशनचा वर्कशॉप आहे. ट्रेलर, यूटचे (पिकअप गाडीचे) ट्रे, गुरं अडकवायचे क्रश, फळबागांच्या ट्रॉल्या आणि हंगामात येईल ती दुरुस्ती. शॉप फ्लोअर नवरा बघतो. कोटेशन, पगार, हिशेब माझ्याकडे. आम्हा दोघांना धरून आठ माणसं. आमचा सगळ्यात जुना फॅब्रिकेटर निवृत्त झाला आणि त्याची जागा काही भरेना. जाहिराती दिल्या. अर्ज आले, पण बरेचसे देशाबाहेरून. जे दोघं प्रत्यक्ष भेटले त्यातला एक वेस्टर्न ऑस्ट्रेलियात खाणीवर गेला. तिथल्या पगाराशी आम्ही कशी बरोबरी करणार?

सध्या एक मराठी मुलगा आमच्याकडे ४८५ व्हिसावर (इथलं शिक्षण संपल्यावर मिळणारा तात्पुरता व्हिसा) याच जागेवर काम करतोय. नात्यातला नाही, ओळखीतलाही नाही, जाहिरात बघून आला. त्याचा व्हिसा संपत आलाय. आमची स्पॉन्सरशिप मंजूर आहे, मेटल फॅब्रिकेटर म्हणून ४८२ चं (मालकाने स्पॉन्सर करायचा तात्पुरता कामाचा व्हिसा) नॉमिनेशन टाकलं, म्हणजे हे पद मंजुरीसाठी मांडलं. आता इमिग्रेशन खात्याचं पत्र आलंय की हे पद खरं आहे हे दाखवा. कारण दिलंय: धंद्याची उलाढाल घटलेली दिसते आणि याच कामाची दोन माणसं आधीच आहेत.

उलाढाल घटली हे खरंच आहे. पण ती घटली कारण माणूस नाही म्हणून आम्ही कामं नाकारली! जे काम केलंच नाही त्याचा पुरावा कुठून आणायचा? गेले काही दिवस मी याच एका वाक्यापाशी अडकले आहे.

---

डबोचा_दादा

ताई, काळजी करू नका. पत्र आलं म्हणजे नकार आला असं नाही. बोलायची संधी दिलीय.

आमच्या रेस्टॉरंटसाठी कुकचं नॉमिनेशन होतं तेव्हाची गोष्ट. एका एजंटाने उत्तराचं पत्र लिहून दिलं, तीन पानी. 'डायनॅमिक', 'ग्रोइंग', 'ऑथेंटिक क्युझीन' असले शब्द पानोपानी. आमच्या गावाचं नाव बदललं असतं तर तेच पत्र देशातल्या कुठल्याही हॉटेलला चाललं असतं. नॉमिनेशन नाकारलं गेलं.

पुढच्या खेपेला पत्र एक पानी लिहिलं आणि खाली कागद लावले: आठवड्याचे रोस्टर, मेन्यू, खुर्च्या किती ते दाखवणारा नकाशा, भाजी-मांसाची बिलं, किचनचे फोटो. रोस्टरमध्ये दिसत होतं की शुक्रवार-शनिवार रात्री स्वयंपाकघरात मालक स्वतः उभा आहे आणि दुपारची पाळी बंद ठेवलीय. ते मंजूर झालं.

तुमच्याकडे रोस्टरऐवजी जॉब शीट असतील ना? तिथूनच सुरुवात करा.

---

कागदवाला

मी अकाउंटंट आहे, टार्नीटला. मायग्रेशनचा सल्ला देणं माझं काम नाही. आकड्यांपुरतं बोलतो.

गोलबर्नकाठ, नाकारलेलं काम ताळेबंदात दिसत नाही, पण त्याच्या खुणा इतरत्र राहतात. त्या गोळा करायच्या.

पहिली खूण ओव्हरटाइम. जुना माणूस गेल्यानंतर उरलेल्या दोघांचे जादा तास वाढले असणार. पेरोलमधून तिमाहीवार काढा. हा आकडा तुम्ही सिंगल टच पेरोलने दर पगाराला टॅक्स ऑफिसला कळवलेलाच आहे, त्यामुळे आत्ता रचलाय असं कुणी म्हणू शकत नाही. मला वाटतं हीच त्याची खरी किंमत.

दुसरी, बाहेर दिलेलं काम. कटिंग किंवा वेल्डिंग दुसऱ्या वर्कशॉपकडून करून घेतलं असेल तर त्यांची बिलं काढा. जो पैसा पगारात जायला हवा होता तो सबकॉन्ट्रॅक्टमध्ये गेलाय, हे शेजारी-शेजारी दोन रकाने मांडलं की दिसतं.

तिसरी, कोटेशन. तुम्ही स्वतः कोटेशन करता म्हणालात. 'सध्या घेऊ शकत नाही' किंवा 'दहा आठवडे लागतील' अशी उत्तरं दिलेल्या ईमेल असतील. ग्राहकाने मग 'राहू द्या' म्हटलेली उत्तरंही. तारखेसकट जशीच्या तशी लावा.

आणि एक विचारतो. घट कोणत्या वर्षाच्या तुलनेत आहे? शेपर्टनला ऑक्टोबर २०२२ मध्ये पूर आला होता. २०२३ मध्ये दुरुस्तीची कामं अचानक वाढली असतील, तर ते वर्षच फुगलेलं आहे. त्याच्याशी तुलना केली तर पुढचं कुठलंही वर्ष घटलेलंच दिसणार.

---

गोलबर्नकाठ

@कागदवाला, पुराचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं! अगदी तसंच आहे. पुरानंतर वर्षभर कुंपणं, फाटकं, शेड, ट्रेलर, रांग लागली होती. पुराच्या आधीचं वर्ष घेतलं तर आम्ही आत्ता वरच आहोत. तिमाहीवार बसते आज.

---

परखड

सगळे मदत करताहेत ते छान, पण दुसरी बाजूही कुणीतरी मांडायला हवी.

प्रत्येक मालक म्हणतो माणूस मिळत नाही. पूर्ण वाक्य असतं 'या पगारात माणूस मिळत नाही'. आधीच्या ४५७ व्हिसाच्या काळात काय काय झालं ते इथल्या जुन्या लोकांना आठवत असेल. कागदावर मॅनेजर आणि प्रत्यक्षात गल्ल्यावर उभा. मार्च २०१८ मध्ये तो व्हिसा गेला, त्याच्या जागी ४८२ आला, नियम घट्ट झाले, ते उगीच नाही. अधिकाऱ्याने आठ माणसांच्या वर्कशॉपला प्रश्न विचारला तर तो त्याचं काम करतोय. आणि हे मी स्थानिकांच्याच बाजूने म्हणत नाही. खोट्या पदावर आलेल्या माणसाचे हाल सर्वात जास्त होतात.

---

ठिणगी_टुवुम्बा

परखड यांच्या शेवटच्या वाक्यावर मी बोलू शकतो, कारण मी त्या बाजूला उभा राहिलेला माणूस आहे. वेल्डर आहे, ४८२ वर.

आधीच्या ठिकाणी मालकाने नॉमिनेशन टाकलं, मंजूर झालं, आणि मग म्हणाला, 'लेव्ही तुझ्या पगारातून दर आठवड्याला कापू, तुझ्यासाठीच भरलीय.' ही सॅफ लेव्ही, म्हणजे स्पॉन्सर करणाऱ्या मालकाने भरायची प्रशिक्षण-निधीची रक्कम, कामगाराकडून घेता येत नाही. स्पॉन्सरशिपची फी, नॉमिनेशनची फी, त्यासाठीच्या एजंटाचा खर्च, हेही नाही. आणि स्पॉन्सरशिपच्या बदल्यात पैसे मागणं हा डिसेंबर २०१५ पासून गुन्हा आहे. देणाऱ्याचाही व्हिसा जाऊ शकतो, हे मुलांना ठाऊकच नसतं.

मी नोकरी सोडली. १ जुलै २०२४ पासून नवा स्पॉन्सर शोधायला एका वेळी १८० दिवस मिळतात, आधी ६० मिळायचे. त्या मुदतीत मला आत्ताचे मालक भेटले. यांनी नॉमिनेशनच्या आधी मला शॉपमध्ये फिरवलं आणि अर्धवट पडलेली कामं दाखवली. मी तेव्हाच ओळखलं की इथे माणूस खरंच हवाय.

ताई, तुमच्या मुलाला सगळी कागदपत्रं दाखवता का? दाखवा. त्याचं आयुष्य त्या फाइलवर उभं आहे.

---

गोलबर्नकाठ

@ठिणगी, हो, सगळं दाखवते. पत्र आलं त्या दिवशीच त्याला बसवून वाचून दाखवलं. लेव्ही आमची उलाढाल एक कोटी डॉलरच्या खाली म्हणून वर्षाला १,२०० प्रमाणे चार वर्षांचे ४,८०० आम्हीच भरले. तो विषयच नाही.

@परखड, तुमचा मुद्दा पटतो. पगाराचं सांगते: आमच्या दुसऱ्या ऑस्ट्रेलियन फॅब्रिकेटरला जेवढा तेवढाच याला. अवॉर्डमधल्या (त्या क्षेत्राचे कायदेशीर किमान पगार) कारागिराच्या सी१० पायरीपेक्षा आम्ही सगळ्यांनाच बरंच जास्त देतो, कारण त्याखाली या भागात कुणी येतच नाही.

---

अश्विनी_व्ही

मी नोंदणीकृत मायग्रेशन एजंट आहे. खालचं सर्वसाधारण माहिती म्हणून वाचा. तुमची फाइल मी पाहिलेली नाही.

आधी एक गोंधळ दूर करू. 'खरी गरज' हा शब्द लोक सगळ्या व्हिसांना सरसकट वापरतात, पण कसोटी थोडी थोडी वेगळी आहे. ४८२ मध्ये पद खरं आणि पूर्णवेळ असावं लागतं. १८६ मध्ये (मालकामार्फतचा कायमस्वरूपी व्हिसा) मालकाला त्या पदावर, स्वतःच्या थेट नियंत्रणाखाली, पगारी माणूस ठेवण्याची खरी गरज आहे का हे बघतात आणि ती नोकरी किमान २ वर्षांसाठी उपलब्ध असावी लागते. ४९४ मध्ये (मोठ्या शहरांबाहेरच्या भागांसाठीचा व्हिसा) पद किमान ५ वर्षं राहण्याची शक्यता दाखवावी लागते, शिवाय पगाराबाबत रीजनल सर्टिफाइंग बॉडीचा, म्हणजे त्या भागासाठी नेमलेल्या संस्थेचा, अभिप्राय लागतो. त्यामुळे मैत्रिणीच्या १८६ च्या फाइलमधलं पत्र उचलून ४८२ ला लावू नका.

अधिकारी ढोबळमानाने तीन गोष्टी ताडून बघतो. सांगितलेली कामं त्या व्यवसायाच्या ॲन्झ्को (व्यवसायांचं सरकारी वर्गीकरण) वर्णनाशी जुळतात का. हे पद या आकाराच्या, या प्रकारच्या धंद्यात शोभतं का. आणि पद धंद्यासाठी आहे की एखाद्याला व्हिसा मिळावा म्हणून तयार केलंय.

तुमच्या बाबतीत तिसऱ्याचं उत्तर सगळ्यात सोपं आहे आणि तुम्ही ते लिहिताना भरकन ओलांडून गेलात. ही जागा नवीन नाही! निवृत्त माणूस तिथे काम करत होता. त्याच्या पगाराच्या नोंदी, तो गेल्याची तारीख, मग तुमच्या जाहिराती, मग हा मुलगा. हा क्रमच तुमचा सर्वात मोठा पुरावा आहे. 'याच कामाची दोन माणसं आधीच आहेत' या आक्षेपाला उत्तर म्हणजे 'आधी तीन होती'. उत्तराची सुरुवात तिथून करा.

---

शेवगा

"आधी तीन होती." वा! यानंतर आणखी काय लिहायचं 👏

---

बापूसाहेब_पर्थ

चांगला धागा. माझा प्रश्न जवळचाच आहे. माझं छोटं गॅरेज आहे. भाचा पुण्याला मोटर मेकॅनिक आहे, हाताने हुशार. त्याला आणायचं ठरलंय. मग त्याच्यासाठी पद कसं दाखवावं? जाहिरात आधी द्यावी की नंतर?

---

कागदवाला

बापूसाहेब, आदराने सांगतो, तुमचा प्रश्नच उलटा आहे. 'भाच्यासाठी पद' म्हटलं की संपलं. गॅरेजला मेकॅनिक हवा आहे का, ते आधी सांगा.

---

अश्विनी_व्ही

काका, नातेवाईकाला स्पॉन्सर करायला बंदी नाही. पण नातं असलं की छाननी जास्त होते, आणि नातं लपवलं तर परिस्थिती फार वाईट होते. खोटी माहिती किंवा बनावट कागद निघाला तर ४०२० या निकषाखाली भाच्याला ३ वर्षं व्हिसा मिळणार नाही. त्याच्या उमेदीच्या वयातली ३ वर्षं.

जाहिरातीचं विचारलंत म्हणून: नॉमिनेशनच्या आधी किमान दोन जाहिराती, देशभर पोहोचतील अशा, इंग्रजीत, प्रत्येकी किमान २८ दिवस अर्ज स्वीकारणाऱ्या. त्यात पदाचं नाव, लागणारी कौशल्यं, मालकाचं किंवा भरती संस्थेचं नाव, आणि पगार ९६,४०० डॉलरपेक्षा कमी असेल तर पगाराचा आकडा किंवा पल्ला. सरकारी वर्कफोर्स ऑस्ट्रेलियावरची सक्तीची जाहिरात डिसेंबर २०२३ पासून गेली. जाहिरातीचं वय आधी ४ महिने चालायचं, डिसेंबर २०२४ च्या बदलात ते ६ झालं. भारतीय नागरिकांसाठी ही चाचणी, म्हणजे आधी इथे माणूस शोधल्याचं दाखवणं, सहसा लागतेच. काही इतर देशांच्या नागरिकांना व्यापार करारांमुळे सूट आहे.

---

परखड

आणि जाहिरात मनापासून द्या. साखरपुडा उरकून मग 'स्थळ पाहिजे' छापलेलं वाचणाऱ्याला कळतं.

---

बापूसाहेब_पर्थ

कळलं. राग नाही. गॅरेजमध्ये गाड्यांना तीन आठवडे थांबावं लागतंय हे खरं आहे. बुकिंगची वही आहे माझ्याकडे. आधी जाहिरात देतो, इथला चांगला मुलगा मिळाला तर त्यालाच घेतो. भाच्याला मीच फोन करून सांगेन.

---

स्वरा_ॲडलेड

मी चाइल्डकेअर सेंटर चालवते. आमच्या क्षेत्रात गरज दाखवणं त्या मानाने सरळ आहे, म्हणून इतरांची धडपड वाचून वाईट वाटतं. आमच्याकडे प्रमाण कायद्यानेच ठरलेलं: २४ महिन्यांखालच्या ४ बाळांमागे १ शिक्षिका, २४ ते ३६ महिन्यांच्या ५ मुलांमागे १, त्यापुढे ११ मागे १. काही राज्यांत थोडा फरक आहे. मुलांची हजेरी आणि रोस्टर शेजारी ठेवलं की कमी पडणारा माणूस दिसतो. खोली बंद ठेवली असेल आणि प्रतीक्षायादी असेल तर अजूनच.

यातून एक सुचतं. तुमच्या धंद्यात कायद्याचं प्रमाण नसलं तरी कामाचं प्रमाण असेलच ना? एक ट्रेलर बनवायला फॅब्रिकेटरचे साधारण किती तास लागतात? हातात किती ऑर्डर आहेत? गुणाकार केला की दोन माणसांचे तास पुरतात की नाही ते कळेल. अधिकाऱ्याला वेल्डिंग कळायची गरज नाही, गुणाकार कळतो.

---

गोलबर्नकाठ

स्वरा, हे फार कामाचं आहे. प्रत्येक जॉब शीटवर तास लिहिलेले असतात, कारण त्यावरूनच मी बिल करते. क्रशला सर्वात जास्त वेळ लागतो. हातात असलेल्या ऑर्डरींचे तास आज मांडले तर दोघांच्या साध्या वेळेत ते बसतच नाहीत, आणि यात दुरुस्तीची कामं धरलेलीच नाहीत.

नवऱ्याचेही तास लिहावेत का? तो शनिवार-रविवार स्वतः वेल्डिंग करतो. पगारपत्रकात ते कुठेच दिसत नाहीत.

---

कागदवाला

लिहा. मालकाचे तास हीच छोट्या धंद्यातली सगळ्यात मोठी न दिसणारी कमतरता असते. पण आकडा नुसता पत्रात लिहू नका. जॉब शीटवर त्याची सही किंवा नाव असेल ती पानं लावा. तो शॉपमध्ये उभा असताना कोटेशन पडून राहतात, डिलिव्हरी लांबते, हेही एका वाक्यात सांगा.

एक तांत्रिक गोष्ट. बीएएसमधला (टॅक्स ऑफिसला द्यायचं जीएसटी-पगाराचं विवरणपत्र) जी१ हा विक्रीचा आकडा आणि डब्ल्यू१ हा पगाराचा आकडा तुमच्या नफा-तोटा पत्रकाशी जुळतो का, ते पाठवण्याआधी तपासा. जीएसटीमुळे किंवा रोख आणि उधारीच्या पद्धतीमुळे फरक येतो, ते रास्त आहे, पण फरक असेल तर एका ओळीची टीप द्या. न सांगितलेला फरक वाचणाऱ्याच्या मनात शंका म्हणून राहतो.

---

तिखटमीठ

मी नुसतीच वाचक. पण माझ्या नवऱ्याने हा धागा वाचून आमच्या दुकानाचे दोन वर्षांचे रोस्टर शोधायला घेतलेत. गॅरेजमधले सगळे खोके घरात आलेत 😄

---

कोडगुरु

थोडं विषयांतर. ॲन्झ्कोमधले क्रमांक: मेटल फॅब्रिकेटर ३२२३११, वेल्डर फर्स्ट क्लास ३२२३१३. मुलगा नेमकं काय करतो? दिवसभर फक्त वेल्डिंग असेल तर फॅब्रिकेटरचं वर्णन लागू होणार नाही. ड्रॉइंग वाचणं, मार्किंग, कापणं, वाकवणं, जोडणी असं सगळं असेल तर ३२२३११. आणि ट्रॅक्टरचं इंजिन उघडत असेल तर तो तिसराच व्यवसाय. स्टॅटिस्टिक्स ब्युरोने डिसेंबर २०२४ मध्ये ओस्का नावाचं नवं वर्गीकरण आणलंय, त्याचे क्रमांक बघून गोंधळू नका. कोअर स्किल्सची यादी, म्हणजे ४८२ ला चालणारे व्यवसाय, ॲन्झ्कोवरच उभी आहे.

---

गोलबर्नकाठ

ड्रॉइंगपासून रंगाला जाईपर्यंत सगळं करतो. इंजिनला हात लावत नाही, दुरुस्ती म्हणजे मोडलेली चौकट, तुटलेला ड्रॉबार वगैरे.

---

परखड

पगाराचा मुद्दा कुणी पुढे नेला नाही. १ जुलै २०२५ ला कोअर स्किल्सची किमान पगाराची मर्यादा वर्षाला ७६,५१५ डॉलर झाली, सुपर (निवृत्तीनिधी) सोडून. २०२३ च्या जुलैपर्यंत दहा वर्षं ती ५३,९०० वर अडकली होती. गरज खरी आहे का हे तपासायचा सगळ्यात प्रामाणिक मार्ग मला हाच वाटतो. ज्याला खरंच गरज आहे तो एवढा पगार देईल.

---

डबोचा_दादा

परखडभाऊ, इथे मात्र तुमच्याशी भांडतो. पगार देण्याची ताकद आणि गरज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डबोतल्या हॉटेलची गरज सिडनीतल्या हॉटेलपेक्षा कमी नाही. कमाई मात्र कमी आहे. मर्यादा देशभर एकच. मोठ्या कंपनीला एक पद 'दाखवणं' सहज जमतं, कारण हजार माणसांत एक कुठेही बसतो. आठ माणसांच्या शॉपमध्ये एक माणूस गेला की आठवा हिस्सा काम थांबतं. गरज तिथे जास्त आहे आणि शंकाही तिथेच जास्त.

---

परखड

आठव्या हिश्श्याचा मुद्दा मान्य. पगाराचा नाही. मर्यादा खाली आणली की पहिला फटका ठिणगीसारख्या मुलांना बसतो.

---

ठिणगी_टुवुम्बा

मला दोघांचंही पटतं. पण मर्यादा वाढली तेव्हा आमच्या शॉपमधल्या स्थानिक वेल्डरचाही पगार वाढला, कारण एकाच कामाला दोन दर ठेवता येत नाहीत. त्याने मला बार्बेक्यूला बोलावलं होतं 🙂

---

गोलबर्नकाठ

उत्तराचा कच्चा मसुदा तयार आहे. सारांश असा:

जागा जुनी आहे. आधी तीन फॅब्रिकेटर होते, एक निवृत्त झाला, सोबत त्याच्या पगाराच्या नोंदी आणि निवृत्तीचं पत्र. उलाढाल पुराच्या आधीच्या वर्षापासून तिमाहीवार, पुरानंतरची वाढ वेगळी दाखवून. निवृत्तीनंतर वाढलेला ओव्हरटाइम. बाहेर करून घेतलेल्या कटिंगची बिलं. नाकारलेल्या कामांच्या ईमेल. हातातल्या ऑर्डरी गुणिले तास. नवऱ्याच्या जॉब शीट. जाहिराती, आलेले अर्ज आणि प्रत्येकाला का घेतलं नाही याची एक एक ओळ. कोण कुणाच्या हाताखाली आहे याचा तक्ता. त्यानंतर एक परिच्छेद मुलाविषयी: किती मेहनती आहे, ग्राहक कसे त्याचं नाव घेतात, त्याच्याशिवाय आमचं कसं अडेल.

काही राहिलं का?

---

अश्विनी_व्ही

राहिलं काहीच नाही. उलट शेवटचा परिच्छेद काढा असं सुचवेन.

तो वाचून बरं वाटतं, आणि खराही असेल. पण खात्याने माणसाविषयी विचारलेलं नाही. पदाविषयी विचारलंय. 'त्याच्याशिवाय अडेल' म्हटलं की वाचणाऱ्याचं लक्ष पदावरून माणसाकडे जातं आणि पद त्याच्यासाठीच आहे की काय असं वाटू लागतं. 'या जागेवर फॅब्रिकेटर नसेल तर अडेल' एवढंच म्हणा. त्याच्या कौशल्याचा भाग व्हिसा अर्जात येईल, तिथे हवं तेवढं लिहा.

नाकारलेल्या कामांच्या ईमेलमध्ये ग्राहकांचे फोन नंबर असतील तर ते झाका. आणि सगळे कागद सुटे चढवू नका. पत्रात परिशिष्ट १, २, ३ असे क्रमांक द्या, फाइलच्या नावातही तेच. वाचणाऱ्याला एका वाक्यावरून थेट त्याच्या कागदावर जाता आलं पाहिजे.

---

गोलबर्नकाठ

परिच्छेद काढला. जरा जड गेलं, पण मुद्दा पटला. मुलालाही पटला, तो म्हणाला ते व्हिसाच्या अर्जात लिहा काकू.

एक शेवटचं. निवृत्त झालेले गृहस्थ स्वतः पत्र द्यायला तयार आहेत, की मी इतकी वर्षं अमुक काम केलं आणि माझी जागा रिकामी होती. लावू का?

---

कागदवाला

नक्की लावा. साधं, त्यांच्या भाषेत, सही आणि तारखेसह. तुम्ही लिहून देऊ नका.

---

अश्विनी_व्ही

सहमत. आणि मुदतीचं बघा. वेळ कमी पडत असेल तर मुदत संपण्याआधी लेखी वाढवून मागा, संपल्यावर नव्हे. इमीअकाउंटमध्ये (खात्याच्या ऑनलाइन अर्जप्रणालीत) सगळं चढवून झालं की मागितलेली माहिती दिली आहे असं कळवणारं बटण असतं, ते दाबा. पण सगळे कागद चढल्यावरच, कारण त्यानंतर अधिकारी मुदतीची वाट न पाहता निर्णय घेऊ शकतो.

---

गोलबर्नकाठ

ते बटण माहीत नव्हतं. त्या गृहस्थांचं पत्र सोमवारी हातात येईल. तोवर दाबत नाही.